बूच लावलं का?

मी एक जुनी शिडाची होडी आहे आणि खरे सांगायचे तर मला माणसे फारशी आवडत नाहीत. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. जन्मभर माझ्या अंगावर शिकाऊ माणसे बसली आहेत.

तलावाकाठच्या शेडमध्ये एका सुताराने मला मोठ्या प्रेमाने बांधले. फळ्या घासून घासून माझे अंग गुळगुळीत केले, डोलकाठी उभी केली आणि मग त्याच हाताने माझ्या मागच्या फळीत, अगदी तळाशी, अंगठा जाईल एवढे भोक पाडले. मला संताप आला. पुढे कळले, की काठावर ओढल्यावर माझ्या पोटातले पाणी तिथूनच बाहेर जाते. पाण्यात ढकलण्याआधी मात्र त्यात रबरी बूच बसवावे लागते.

म्हणून इथल्या शिडाच्या शाळेत एक रीत आहे. एकाने मोठ्याने विचारायचे, "बूच लावलं का?" दुसऱ्याने हात लावून बघायचे आणि तेवढ्याच मोठ्याने म्हणायचे, "लावलं." शाळा चालवणाऱ्या बाईंना सगळे कॅप्टनबाई म्हणतात. मनातल्या मनात विचारलेले त्यांना चालत नाही.

तरुणपणी माझे फार कौतुक झाले. प्लॅस्टिकच्या होड्या आल्या आणि मला शेडमागे उलटी टाकून दिली. सुट्टीत गर्दी झाली, की तेवढी माझी आठवण होते. अशाच एका सुट्टीत, कुटुंबांसाठीच्या शिबिरात, तिघेजण माझ्या वाट्याला आले. एक नर्स, तिचे बाबा आणि तिचा नवरा.

बाबांनी उभा जन्म बस चालवली होती. आदल्या वर्षी त्यांच्या हातून घराच्या फाटकाला गाडी घासली, तेव्हा जावयाने पाहुण्यांदेखत त्यांच्या हातातून किल्ली काढून घेतली होती. "बाबा, आता पुरे," एवढेच तो म्हणाला. तेव्हापासून दोघांत अबोला. सासरेबुवांनीही कसर ठेवली नाही. जावयाला साधा खिळा ठोकता येत नाही, हे त्यांनी झाडून सगळ्या नातेवाइकांना सांगितले. दोघांना एका होडीत बसवले की बोलावेच लागेल, अशी नर्सची भाबडी आशा होती. त्यासाठी तिने वर्षभर रजा साठवली होती.

ते बोलले, पण तिच्यामार्फत.

"त्यांना सांग, शीड ओढा म्हणावं. झोपलेत काय?"

"बाबांना सांग, दांडा तिकडे ढकलला की होडी इकडे वळते. ही बस नाही."

दोघांत हातभर अंतर, आणि मध्ये ती, निरोप पोहोचवून घसा बसलेली. सासरेबुवा जिकडे जायचे तिकडेच सुकाणूचा दांडा ढकलत, मी उलटी वळे आणि ते माझ्यावर खेकसत, "खटारा आहे नुसता." एकदा मी त्यांना धक्क्यावर चांगले आपटले. मुद्दाम नव्हे, पण वाईटही वाटले नाही.

शेवटच्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने कॅप्टनबाईंशिवाय, तलावातल्या लाल पिंपाला वळसा घालून यायचे होते. सुकाणू कोण धरणार यावरून न्याहारीलाच जुंपली. "आज तरी भांडू नका," नर्स म्हणाली. "माझ्यासाठी." दोघांनी माना डोलावल्या आणि ते फुगलेल्या तोंडांनी माझ्या दोन बाजूंना येऊन उभे राहिले. ती लाईफ जॅकेट आणायला गेली होती.

आता बुचाचे विचारायचे कोणी? विचारले असते तर बोलावे लागले असते. सासऱ्यांना वाटले, जावयाने लावले असेल. जावयाला वाटले, सासऱ्यांनी. ती परत आली तोवर त्यांनी मला पाण्यात लोटले होते.

"विचारलं ना?"

"हो," दोघे एकदम म्हणाले. त्या सुट्टीतले त्यांचे तेवढेच एकमत, आणि तेही खोटे.

बूच काठावर दोरीच्या वेटोळ्यात पडले होते. मला ओरडता येत नाही. येत असते, तरी मी ओरडले नसते.

लाल पिंपाजवळ पोहोचलो तेव्हा पाणी त्यांच्या घोट्याला लागले. "त्यांना विचार, बूच लावलं होतं का," सासरे म्हणाले. "बाबांना विचार," जावई म्हणाला.

नर्सने हातातली दोरी सोडून दिली. "मी नाही विचारणार," ती म्हणाली. "बुडालो तरी चालेल." आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

सासऱ्यांनी भोकात अंगठा घातला. जावई स्वतःच्या बुटाने पाणी उपसू लागला. शेवटी कॅप्टनबाईंनी मोटरबोटीने आम्हाला ओढत काठावर आणले. त्यांनी फक्त बुचाकडे बोट दाखवले.

नर्स रडेल असे मला वाटले होते. तिने माझ्यातले पाणी जाऊ दिले, बूच उचलून घट्ट बसवले आणि मोठ्याने विचारले, "बूच लावलं का?" हात लावून बघितले आणि स्वतःलाच उत्तर दिले, "लावलं."

"अगं, आणि आम्ही?" बाबा म्हणाले.

"तुम्ही दोघं इथेच थांबा."

एकमेकांच्या चुका त्या दोघांनी तिच्याच तोंडून वदवल्या होत्या, त्यामुळे तिला सगळे पाठ झाले होते. तिने दांडा हलकाच धरला, शिडात वारा घेतला आणि पिंपाला असा वळसा घातला, की मी होडी आहे याची मला कितीतरी वर्षांनी आठवण झाली. मला आनंद झाला. लपवत नाही.

काठाला लागल्यावर ती दोघांकडे न बघता सरळ निघून गेली आणि शिबिरातल्या त्यांच्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसली. मला वर ओढायचे काम त्यांच्यावर पडले. ओढून झाल्यावर सासऱ्यांनी वाकून माझ्या मागच्या फळीकडे पाहिले.

"बूच काढलं का?" ते म्हणाले.

जावयाने आजूबाजूला पाहिले. तिथे दुसरे कोणी नव्हते.

"काढतो, बाबा."

याला समेट म्हणू नका. लगेचच मला बांधायची गाठ कशी मारावी, यावरून दोघे कडाकडा भांडू लागले. किल्लीचाही विषय निघाला, फाटकाचाही आणि त्या खिळ्याचाही. पण आता भांडण समोरासमोर होते. नर्स पायरीवरून ऐकत होती. निरोप पोहोचवायला ती उठली नाही.

मित्रांनो, मला रंग द्या, झाकून ठेवा, असे मी मागणार नाही. तुम्ही ते करणारही नाही. भांडायचे तर खुशाल भांडा. पण जे माणूस दोघांच्या मध्ये बसलेले असते, त्याच्याही पायाशी पाणी चढत असते. तेवढ्यासाठी तरी तोंड उघडून विचारत जा.