दोन बटणं, दोन फाइली

मास्तर कधीच मास्तर नव्हते. चोवीस वर्षं यंत्रांवरच्या मजकुराची भाषांतरं करत घरी बसलेला माणूस, पण बोलताना समोरच्याचं वाक्य दुरुस्त करायची खोड, म्हणून सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची. धंद्यात त्यांच्या नावावर एकही चूक नव्हती. हे ते स्वतः सांगत नसत. पण विषय काढून सांगायला लावत.

लेकीनेही हाच धंदा धरला. मास्तरांनी तिला पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावली होती: करारात गुप्त म्हटलंय ना, मग गुप्त म्हणजे गुप्त. आईलासुद्धा सांगायचं नाही. आणि पोरगी बापावर गेलेली. एकाच घरात, बाहेरच्या खोलीत बाप आणि आतल्या खोलीत लेक, मधे एक दार. दोघं दिवसभर की-बोर्ड बडवायचे, पण कोण कशाचं भाषांतर करतंय याचा एकमेकांना पत्ता नसायचा. मास्तरांची बायको म्हणायची, "घर आहे की हेरखातं?"

त्या आठवड्यात मास्तरांकडे काचेच्या पेटीचं काम होतं. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी पेटी. तिच्या पडद्यावर दिसणारे शब्द मास्तरांनी करायचे होते. कंपनीने माहितीपुस्तकाचं काम दुसऱ्या एजन्सीला दिलेलं. का? तर स्वस्त पडतं. एकाच्या हातात सदरा, दुसऱ्याच्या हातात बाह्या, असा सगळा कारभार.

पेटीवर दोन बटणं होती. एक दाबलं की भोंगा दोन मिनिटं गप्प बसतो. दुसरं दाबलं की ऊब जाते. बटणावर जागा केवढी, तर नखाएवढी. मास्तरांनी विचार करकरून भोंग्याला 'थांबवा' दिलं, कारण तो पुन्हा सुरू होतो, आणि उबेला 'बंद करा'. मग पुस्तक करणाऱ्याने हेच शब्द वापरावेत म्हणून सगळ्या शब्दांची यादी केली आणि फाइलीसोबत सोमवारी पाठवून दिली. तीही कशी? तर सगळ्यांना उघडता येईल अशा खुल्या साच्यात. बऱ्याच वर्षांपूर्वी या धंद्यातली शहाणी माणसं एकत्र बसली होती आणि त्यांनी ठरवलं होतं की सॉफ्टवेअर कुणाचंही असो, शब्दांची यादी एकाच पद्धतीने लिहायची, म्हणजे इथली तिथे चालेल. नटाला बोल्ट बसावा, इतकी साधी मागणी. प्रत्येक कंपनी जाहिरातीत छापते, आम्ही खुला साचा पाळतो. पाळतात कसले! प्रत्येकाने त्यात आपलं एकेक शेपूट जोडून ठेवलंय.

बुधवारी दुपारी जेवताना लेक खुशीत होती. पहिलं मोठं काम तिने नुकतंच जमा केलं होतं. राहवलं नाही तिला. म्हणाली, "कशाचं ते सांगत नाही, पण एक वाक्य ऐका. 'भोंगा वाजल्यास घाबरू नका. प्रथम बंद करा हे बटण दाबा आणि बाळाकडे पाहा.' छान झालंय ना?"

मास्तरांचा घास हातातच राहिला.

"बंद करा?" ते म्हणाले. "आणि ऊब घालवायच्या बटणाला काय म्हटलंस?"

"थांबवा," लेक म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "बाबा, तुम्हाला कसं माहीत ऊब आहे म्हणून?"

गुप्तता तिथेच संपली. भोंगा वाजला की नर्स पुस्तकाप्रमाणे 'बंद करा' दाबणार, आणि पेटी गार पडणार. आत दीड किलोचं बाळ.

"मी यादी पाठवली होती!" मास्तर ओरडले. "वाचता येत नाही तुम्हा लोकांना?"

"यादी आली होती," लेकही चिडली. "माझ्या सॉफ्टवेअरने ती घेतली आणि लिहिलं, शून्य शब्द. वर हिरवी खूण केली! मला वाटलं, रिकामीच यादी असेल."

आता बोला! शंभरावर शब्द गिळले आणि वर हिरवी खूण.

जेवण तसंच टाकून मास्तरांनी आपल्या एजन्सीला फोन लावला. तिथली बाई फार गोड बोलली. म्हणाली, "सर, पुस्तक आमच्याकडे नाही, त्यामुळे चूक आमच्याकडे नाही." लेकीच्या एजन्सीतला माणूस म्हणाला, "पडदा आमच्याकडे नाही." दोघांनीही तक्रार नोंदवायला सांगितलं. नोंदवल्यावर दोन्हीकडून एकाच छापाचं उत्तर आलं, पाच ते सात कामाच्या दिवसांत आपल्याशी संपर्क साधू. शुक्रवारी दुपारी बारा वाजता पडद्यावरचे शब्द यंत्रात कायमचे बसणार होते आणि पुस्तक छापायला जाणार होतं.

एकच वाट उरली. दोघांपैकी एकाने आपली जमा केलेली फाइल परत उघडायची आणि बटणांची नावं बदलायची. पण फाइल उघडायला कारण द्यावं लागे, आणि कारणांच्या यादीत कारण एकच होतं: भाषांतरकाराची चूक. दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरने यादी गिळली, असं लिहायला जागाच नाही. वर्षात अशा दोन चुका झाल्या की खातं बंद, काम बंद. दोन्ही एजन्सींची सॉफ्टवेअरं एकमेकांचं अक्षर वाचत नव्हती, पण चुका मोजायच्या बाबतीत मात्र त्यांचं अगदी एकमत होतं.

"मी बदलते," लेक म्हणाली. "तुमच्या चोवीस वर्षांवर डाग नको."

"वेडी आहेस का? तुझी आत्ता कुठे सुरुवात आहे. सुरुवातीलाच चूक लागली तर कोण विचारेल तुला? मी बदलतो."

"तुम्ही बदलायचं नाही!"

"तू मला शिकवू नकोस!"

हे गुरुवार दुपारपर्यंत चाललं. शेवटी बायको कावली. "बस झालं! आता या घरात जो बटण म्हणेल त्याला चहा मिळणार नाही." दोघंही गप्प झाले, आणि इथेच माती खाल्ली. बोलायची बंदी झाल्यावर या दोघांनी काय करावं? जे जन्मभर केलं तेच. गुपचूप.

शुक्रवारी सकाळी मास्तरांच्या चेहऱ्यावर अशी शांती होती, की बायकोला संशय आला. अकरा वाजता चहा पिताना ते लेकीला हळूच म्हणाले, "काळजी करू नकोस हं. मी कालच निस्तरलंय. तुझेच शब्द घातले."

लेकीने कप खाली ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "मी काल तुमचे घातले."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. पुन्हा उलटं! पडद्यावर लेकीचे शब्द, पुस्तकात बापाचे, नर्स पुन्हा चुकीचंच बटण दाबणार, आणि दोघांच्या नावावर एकेक चूक.

"शाबास!" बायको म्हणाली. "यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून दोन दिवस डोकं उठवलंत माझं. तुम्हाला तर तोंडं आहेत ना रे देवाने दिलेली?"



लेक उठून आतल्या खोलीकडे धावली. "थांब!" मास्तर ओरडले. "परत दोघांनी बदललं तर? तू हात लावायचा नाही. " मग बायकोकडे वळून म्हणाले, "अगं, तिचा लॅपटॉप घे!"

बायकोने आत जाऊन लॅपटॉप उचलला, छातीशी धरला आणि पलंगावर बसली. लेक आईचा हात ओढू लागली. "आई, दे ना! त्यांची दुसरी चूक होईल. त्यांना काढून टाकतील."

"माहितेय मला," बायको म्हणाली. तिने लॅपटॉप सोडला नाही, पण नवऱ्याकडे बघितलंही नाही.

मास्तर बाहेरच्या खोलीत आपल्या खुर्चीवर बसले. त्यांना राग आला होता. कुणावर, ते त्यांना सांगता आलं नसतं. एजन्सीतल्या गोड बाईवर, हिरव्या खुणेवर, स्वतःवर. आणि भीतीही वाटत होती, कारण या वयात दुसरं काम कोण देणार होतं? त्यांनी फाइल उघडायची विनंती केली. कारण निवडा. एकच तर होतं. त्यांनी निवडलं. आपण खात्रीने निवडत आहात का, असं यंत्राने विचारलं. "हो रे बाबा, खात्रीने," मास्तर मोठ्याने म्हणाले.

भोंग्याला 'थांबवा'. उबेला 'बंद करा'. मग त्यांनी लेकीला हाक मारली, तिने दोन्ही बटणांची नावं स्वतः वाचून बघितली, मान डोलावली, आणि पावणेबाराला फाइल गेली. बारा वाजायच्या आत पत्रही आलं. वर्षातली दुसरी चूक नोंदवण्यात आली आहे, खातं बंद करण्यात येत आहे, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. तक्रारीला सात दिवस लागतात, याला सात मिनिटं लागली.

लेक त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. मास्तर म्हणाले, "माझी सोमवारची फाइल आहे बघ तिथे. ती आणि आजची शेजारी ठेव. काय काय बदललंय ते दाखव."

लेकीने दोन्ही फाइली शेजारी उघडल्या आणि यंत्राला तुलना करायला लावली. क्षणभर चक्र फिरलं.

"शून्य फरक," ती म्हणाली, आणि तिला रडू आलं. "एक अक्षरही बदललेलं नाही, बाबा."

"म्हणजे सोमवारी बरोबर होतं," मास्तर म्हणाले.

"बरोबर होतं."

"हं," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.