कढीपत्त्याखालची माती

मी बोलतोय. भानुदासतात्यांच्या मोटारसायकलच्या हँडलला लटकणारा, अंगावर गोणपाट शिवलेला पाच लिटरचा कॅन. वडगाव निंबाळकरच्या रस्त्यावर सकाळी उभे राहिलात तर माझ्यासारखे कितीतरी तुमच्यासमोरून शेताकडे जातील. आमच्याकडे कुणी वळून बघत नाही. बघावं असं आमच्यात काही नाहीही.

जन्मानं मी पाण्याचा नव्हे. एका दिवाळीला गोडेतेल घेऊन मी या घरात आलो. चकल्या तळून झाल्या, तेल संपलं आणि मी परसात पडलो. दुसऱ्या कुणी मला भंगारात दिलं असतं. यशोदाबाईंनी उचललं. तेलाचा वास जाईपर्यंत राख आणि कोमट पाणी घालून मला खळखळून धुतलं. मग गोणपाटाचा तुकडा माझ्या अंगाभोवती धरून दाभणानं शिवला. शेवटची गाठ मारून त्यांनी सुतळी दातांनी तोडली आणि म्हणाल्या, "झालं तुझं अंगडं."

ते अंगडं ओलं केलं की वाऱ्यानं माझ्या पोटातलं पाणी गार होतं. चैत्रातल्या दुपारीसुद्धा. एवढी एकच गोष्ट मला येते, आणि तिचा मला अजून अभिमान आहे.

शेत कालव्याच्या पाण्याखालचं. ऊस, थोडा कांदा, जनावरांपुरता घास. पाणी उपसायच्या मोटारीची खोली, तिच्या भिंतीत खिळा आणि खिळ्याला मी. त्याच भिंतीशी यशोदाबाईंनी कढीपत्ता लावला होता. रोप त्यांच्या माहेरचं, बावड्याहून आणलेलं. मुलगा रवींद्र बारामतीला एमआयडीसीत नोकरीला, त्यामुळे शेतात दोघंच असत, आणि खुरपणीला आली तर शेजारची सारजा.

कोण कसं पाणी पितं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तात्या मान मागं टाकून गटागटा पीत, त्यातलं निम्मं सदऱ्यावर. यशोदाबाई मला उचलत, तोंडापर्यंत नेत, घसा भिजेल एवढा घोट घेत आणि टोपण लावत. मी होतो तेवढाच जड खिळ्यावर परत जाई.

"पाणी पी की गं!" तात्या बांधावरून ओरडत.

"पिले की! आता काय कालवा पिऊ व्हय?"

वर्षातले काही महिने मात्र वेगळे. ऊस डोक्याच्या वर गेला, त्याची वाळली पानं, पाचट, काढायचे दिवस आले की याच बाई दोन्ही हातांनी मला धरून पोटभर पीत. पदरानं तोंड पुसून "आहा" म्हणत. तो "आहा" ऐकायला मी वर्षभर वाट बघायचो. मग ऊस तुटून कारखान्याला जाई, रान उघडं पडे, रस्त्यावरून येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसू लागे, आणि पुन्हा तो एवढासा घोट.

संध्याकाळी तात्या मोटार बंद करायला खोलीत गेले की त्या मला कढीपत्त्याच्या बुडाशी उपडा करत. रिकामा करून हँडलला अडकवत. तात्या बाहेर येऊन मला हलवून बघत.

"संपवलंस की आज! शाब्बास."

"मग? तुमी सांगितलेलं ऐकत न्हाय असं हाय का कधी?"

कढीपत्ता जोमानं वाढला. तात्या आल्यागेल्याला फांदी मोडून देत आणि कौतुकानं म्हणत, "आमच्या हिचा हातच चांगला हाय." यशोदाबाई दुसरीकडे बघत. मला तोंड आहे, पण ते ओतण्यापुरतं.

यशोदाबाईंच्या कंबरेतून पहिल्यांदा कळ आली तेव्हा डॉक्टरांनी मूतखडा सांगितला. भरपूर पाणी प्या म्हणाले. तात्यांनी ते मनावर घेतलं. ते रोज मला काठोकाठ भरत आणि रोज रिकामा बघून समाधानानं घरी जात. पुढच्या वर्षी ऐन खुरपणीत यशोदाबाईंना ताप आला. तो त्यांनी अंगावर काढला. बारामतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत खडा अडकून जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. त्या परत आल्या नाहीत.

त्या शेवटच्या सकाळी मला त्यांनीच भरलं होतं. ते पाणी बरेच दिवस माझ्या पोटात राहिलं. गोणपाट वाळून कडक झालं, एका बाजूची शिवण उसवली. एकदा तात्यांनी मला खाली काढलं, टोपण उघडलं, पाणी ओतायला वाकले आणि तसेच थांबले. मग टोपण लावून मला परत खिळ्याला अडकवलं. नंतर कधीतरी त्यांनी ते ओतलं. तेही कढीपत्त्यालाच.

दिवाळीनंतर सून अंजली शेतात येऊ लागली. बी.कॉम. झालेली पोर, पण कामाला वाघीण. तात्यांनी माझी शिवण स्वतः घातली, वेडीवाकडी, दोन ठिकाणी बोटाला दाभण टोचून घेत. मला भरलं आणि अंजलीपुढं ठेवलं.

"तीनदा तरी पी दिवसातनं. कंटाळा करायचा न्हाय."

"हो तात्या."

ती खरंच पीत होती. पाचट काढून उसातून बाहेर आली की मला उचले आणि थेट अर्धा करे. तात्या हरखून गेले. एका दुपारी ती जनावरांना घास टाकायला घरी गेली होती, तेव्हा ते सारजाला म्हणाले, "बघ, शिकल्याली हाय म्हणून कळतं. हिची सासू घोट घोट प्यायची."

सारजा पदर तोंडाला लावून हसली. "तात्या, आता पितीया. ऊसतोडीची टोळी येऊन ऊस जाऊ द्या, मग बघा."

"उसाचा अन् पाण्याचा काय संबंध?"

"अवो, पाणी प्यायला तोंड लागतं. पुढं आडोसा लागतो. तुमचं काय, बांधाकडं तोंड केलं की झालं. आमी कुठं जावं?"



सारजाचं हसू मावळलं. हळू आवाजात ती म्हणाली, "यशोदावैनी ऊस मोठा झाल्याबिगर पोटभर प्यायच्या का कधी?"

"मग कॅन रिकामा कसा व्हायचा?"

सारजानं नुसतं कढीपत्त्याकडं बघितलं आणि खुरपं उचलून चालू लागली.

तात्या झाडापाशी गेले. त्याचं बूड मनगटापेक्षा जाड झालं होतं. ते त्यावर हात ठेवून उभे राहिले, ते मोटारीला पाणी कमी पडून ती कोरडी फिरू लागली तरी त्यांना ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी कुणाला त्याची फांदी मोडून दिली नाही.

आता त्यांच्या जिवाला एकच घोर लागला. टोळी आठवड्यावर आली होती. ऊस गेला की ही दुसरी पोरगीही मला नुसती तोंडाला लावणार. पण सासऱ्यानं सुनेशी हे कसं बोलावं?

"अंजली," ते हाक मारत.

"काय तात्या?"

"काय न्हाय. मोटार बंद कर."

टोळी आली. दोन दिवसांत निम्मं रान मोकळं झालं. मोटारीच्या खोलीमागच्या कोपऱ्यात कोयते पोचले तेव्हा तात्या आडवे उभे राहिले.

"एवढा ठेव."

मुकादम बिरदेव कपाळाला हात लावून म्हणाला, "लागणीला बेणं ठेवताय व्हय? तात्या, ऊस म्हातारा झाला की वो! ह्याचं कुठं बेणं करत्यात का?"

"तुला ठेव म्हटलं ना!"

"बरं बाबा. तुमचा ऊस, तुमची हौस."

खोलीएवढा उसाचा चौकोन उघड्या रानात तसाच उभा राहिला. तात्यांनी आतलं पाचट स्वतः काढलं, जमीन झाडली, आत जायला वाकडी वाट केली म्हणजे बाहेरून काही दिसू नये. एक बादली आणि प्लास्टिकचा मग आत नेऊन ठेवला. मग सारजाला गाठून जमिनीकडं बघत म्हणाले, "त्या कोपऱ्याकडं मी जात न्हाय. दुसरं बी कुणी गडीमाणूस जाणार न्हाय. सांग तिला."

दुसऱ्या दिवशी तुटलेल्या उसाच्या खोडव्यात काम निघालं. दुपारी अंजलीनं मला उचललं. रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता. तिनं तिकडं बघितलं. एवढासा घोट घेतला आणि टोपण लावायला हात नेला. लांब बांधावर तात्या पाठ करून बसले होते. इतके ताठ, की कुणी मागून धरून ठेवलंय असं वाटावं.

सारजा तिच्या कानाशी लागली. अंजलीनं त्या उसाकडं बघितलं, मग त्या पाठीकडं. मग मला दोन्ही हातांनी धरलं आणि ती प्यायली. सावकाश, डोळे मिटून. पदर नव्हता, ओढणीनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आहा."

संध्याकाळी तात्या मोटार बंद करून बाहेर आले. मी हँडलला होतो, रिकामा. त्यांनी मला हलवून बघितलं, पण शाब्बास म्हणाले नाहीत. ते कढीपत्त्यापाशी गेले, गुडघ्यावर बसले आणि बुडाशी तळहात टेकला.

माती कोरडी होती. बारीक भेगा पडलेली.

ते उठले. मग मोटारीजवळच्या हौदातून ओंजळीनं पाणी आणून झाडाला घालू लागले. ओंजळ गळत होती, त्यामुळे खूप खेपा झाल्या. मी जवळच होतो, पण मला त्यांनी घेतलं नाही.

आता त्या उसाच्या चौकोनाच्या जागी विटांची खोली आहे, आतून कडी असलेली. मी पिवळा पडलोय, टोपणाचे आटे झिजलेत. येत्या दिवाळीला तेल घेऊन नवा कुणी येईल. माझी तक्रार नाही. फक्त ते अंगडं त्याला घालताना उसवू नका, त्यात यशोदाबाईंच्या हाताचे थोडे टाके अजून शाबूत आहेत.

आणि जाता जाता तुम्हाला एक विनंती. घरच्या बाईला पाणी पी म्हणून सांगताना एकदा सभोवार नजर टाका, ती उभी आहे तिथून कुठं जाऊ शकेल ते बघा. भरलेला कॅन मुका असतो. रिकामा हँडलवर आपटून फार वाजतो. वडगावच्या रस्त्यावर संध्याकाळी तो आवाज ऐकला की मला वाटतं, रान उघडं असताना यशोदाबाईंनी खरंच पिऊन रिकामा केलेला मी, अशा आवाजात त्यांच्याबरोबर एकदा तरी घरी यायला हवा होतो.