पास्कलकाकांच्या विहिरीचं पाणी

पास्कलकाकांच्या विहिरीचं पाणी पिण्यालायक नाही, असा अहवाल मर्सीच्या हाती पडला, तो नेमका काकांच्या मुलाच्या, रॉबर्टच्या लग्नाला तीन दिवस उरले असताना. मर्सी नंदाखालची आशा सेविका आणि त्याच आळीतली सून. वाडीला लागून उठलेल्या नव्या इमारतींच्या संडासाच्या टाक्या पाझरत असाव्यात, असं आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले होते.

ती ब्लिचिंग पावडर घेऊन गेली. काकांनी तिला बसवलं, केळी दिली, सगळं ऐकून घेतलं. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाजतगाजत याच विहिरीचं पाणी काढायचं, नवरदेवाला त्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, आलेल्या प्रत्येकाला घोटभर द्यायचं, ही आजोबांपासूनची रीत. त्या पाण्याला पावडरीचा वास आला तर पाहुणे काय म्हणतील? लग्न पार पडू दे, मग हवी तेवढी टाक, म्हणाले. उकळून द्या म्हटल्यावर नुसते हसले.

मर्सीनं वाद घातला नाही. तिचं लग्न याच काकांनी पुढे होऊन लावून दिलं होतं. धाकट्या जावेला, जीनाला मात्र तिनं बजावलं, की तिथलं पाणी तोंडाला लावायचं नाही. जीनाला सातवा महिना होता.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बँड वाजला, बायका गात विहिरीवर गेल्या. काकांनी पहिला पेला भरला आणि सगळ्यांदेखत मर्सीपुढे धरला.

"घे पोरी. तू प्यालीस की कुनाच्या मनात काय राहनार नाय."

आळी बघत होती. मर्सीनं पेला घेतला आणि ती प्यायली. पाणी नेहमीसारखंच गोड लागलं. मग पेले फिरले. ती वळली तेव्हा जीना तोंड पुसत होती.

"तू प्यालीस ना," जीना म्हणाली.

लग्नानंतर पाचव्या आठवड्यात तुळिंजचा अल्पेश, रॉबर्टचा मित्र, काविळीनं पडला. मागोमाग बँडवाले दोघं, मग खुद्द रॉबर्ट. काकांनी स्वतःच्या हातानं विहिरीवर फळ्या ठोकल्या आणि लोकांत येणंच सोडलं. मर्सी घरोघर जाऊन आजाऱ्यांची नावं लिहून घेत होती. तिला स्वतःला काहीच झालं नाही.

रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून परतताना जीना म्हणाली, दोन दिवस अन्नावर वासना नाही. मर्सीनं तिला उन्हात उभं करून खालची पापणी ओढून पाहिली. डोळा पिवळा होता; गरोदर बाईच्या ही कावीळ जिवावर बेतते, हे ठाऊक असल्यानं तिनं लगेच रिक्षाला हात केला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी जीनाला आत नेलं. थोड्या वेळानं त्या एकट्याच बाहेर आल्या आणि मर्सीला म्हणाल्या, "हिच्या नवऱ्याला बोलावून घ्या. आत्ताच."