फोटोतले बाभळीचे काटे

पियुष सर डोमाजीला काका म्हणायचे, त्याच्या डब्यातली भाकर हक्कानं मोडून खायचे. अमरावतीच्या कॉलेजात बावीस वर्षं प्रयोगाचे उंदीर सांभाळणाऱ्या माणसाला एवढं पुरे झालं. माणूस विकत घ्यायला भाकरीचा तुकडा लागतो, तोही त्याच्याच डब्यातला.

प्रयोग पळसाच्या पानांच्या अर्काचा. उंदराला जाळीच्या नळीत कोंबायचं, गारठ्यात ठेवायचं. भीतीनं त्याच्या पोटात फोड उठतात. काहींना आधी अर्क पाजायचा, मग सगळ्यांची पोटं उघडायची. डोमाजी पोट धुऊन पाटीवर टाचून द्यायचा. कोणतं कोणाचं, ते सरांच्या वहीत.

"काका, अर्कवाल्यांची पोटं आरशासारखी निघाली," सर म्हणाले होते.

डोमाजीची पोरगी भावना अकोल्यात खोली करून तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करायची. दोनदा थोडक्यात हुकली होती. धास्तीनं जेवण तुटलं, पोट जळायचं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या. डोमाजीनं सरांकडे अर्क मागितला. सरांनी बाटली भरून दिली. "फक्त बाहेर बोलू नका, पेटंटचं काम आहे."

डोमाजीनं पोरीला बजावलं, "गोळ्या बंद कर. हे घे. कोनाले सांगू नोको."

काल ती काळं ओकली. तिला तिथल्याच दवाखान्यात भरती केलं. आज सकाळी डोमाजी सुट्टी मागायला सभागृहात गेला, तेव्हा सर बाहेरून आलेल्या कमिटीला पडद्यावर फोटो दाखवत होते. "हे अर्क दिलेल्या उंदराचं पोट."

गुलाबी, स्वच्छ पोट. चारी कोपऱ्यांना बाभळीचे काटे.

टाचण्या संपल्या म्हणून डोमाजीनं ते काटे एकाच दिवशी वापरले होते. आणि त्या दिवशीचे उंदीर, तुलनेसाठीचे धडधाकट, त्यानंच पिंजऱ्यातून थेट आणले होते.

"सर, हा उंदीर नळीत गेलाच नाई," तो मागूनच बोलला. "याले ना तरास देल्ला, ना अर्क. काटे माये हायेत."

कोणीतरी हसलं. सरांनी त्याला दंडाला धरून व्हरांड्यात आणलं.

"काका, अर्कवाल्यांची पोटं फोडांनी भरली होती. कोणता फोटो दाखवू? माझी बढती अडकलीय."

"मंग माया पोरीले बाटली काहून देल्ली?"

"तुम्हीच मागितली. पळसाच्या पानानं कोणी मरत नाही."

डोमाजीनं तिथूनच फोन लावला. भावनाचा आवाज चिरका येत होता. "डॉक्टर इचारून राहिले, काय घेत होती म्हनून. मी काईच नाई म्हटलं. तुमीच सांगतलं होतं ना, बाबा."

समोर सर हातानं नको नको करत होते. डोमाजी त्यांच्याकडे बघतच बोलला.

"सांग. पळसाचा अर्क सांग. पियुष सरनं देल्ला, नाव घेऊन सांग. आन् गोळ्या बापानं बंद करायले लावल्या, थे बी सांग."