नोकरी गेलेल्यांची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, आणि बस म्हटलं तरी जी बसली नाही, तिच्यापासून सुरुवात करते.

ती माझ्या मालकीण बाईंची मुलगी. त्या दुपारी ऑफिसची बॅग खांद्याला लावून ती आईच्या कामाच्या खोलीत आली.

"आज लवकर सुटलीस?" बाईंनी विचारलं.

"हो, असंच."

"बस ना. चहा टाकते."

"नको गं आई, घाईत आहे."

घाईतलं माणूस निघून जातं. ही मात्र माझी पाठ घट्ट धरून उभी राहिली. बाईंनी दोनदा मान वर करून पाहिलं. मग ती गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे बाईंचं हृदय झोपेतच थांबलं.

मित्रांनो, एका सुताराने मला जुन्या दरवाजाच्या लाकडातून घडवलं. बैठक वेताची, एक पाय किंचित आखूड. बाईंनी मला तशीच स्वस्तात घेतली आणि आपल्या टेबलासमोर मांडली. बाई कराचा सल्ला देत. नोकरी सुटताना मिळणाऱ्या पैशांवरचा कर, हा तर त्यांचा हातखंडा. त्यामुळे माझ्या वाट्याला बहुतेक नोकरी गेलेलीच माणसं आली. ती आधी नुसती काठावर टेकत. मी डुगडुगले की दचकत.

"घाबरू नका," बाई म्हणत. "ही हलते, पण पाडत नाही. तुमच्या कंपनीपेक्षा बरी."

माणूस हसे आणि मागे रेलून बसे. तेवढंच माझं काम, आणि ते मी चोख केलं.

एकदा बंद पडलेल्या छापखान्यातला मशीनवाला आला. "बाई, जन्मभर शाईत हात काळे केले. जाताना जे हाती आलं, त्याचा मोठा लचका कराने तोडला."

बाईंनी त्याचा हिशेबाचा कागद पाहिला. "अहो, तुमच्या मालकाने सगळे एकाच माळेचे मणी केलेत. हा शेवटचा पगार. यावर कर लागणारच. हे न घेतलेल्या रजेचे पैसे, त्यांचा नियम निराळा. आणि ही नोकरी गेल्याची भरपाई. हिच्यातला ठरावीक भाग करमुक्त असतो. उरलेल्यावर कर आहे, पण ही काही एका वर्षाची कमाई नव्हे. सगळी एकाच वर्षात धरली की कराचा दर उगाच चढतो. म्हणून तर सवलत ठेवली आहे."

"मग मला का नाही दिली?"

"तुम्ही मागितलीत?"

"मला काय ठाऊक!"

"मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, हे तर कर खातं. सही करायच्या आधी यायचं होतंत. असू दे, मुदत आहे अजून. अर्ज करू."

काही महिन्यांनी तो पुन्हा आला. जादा कापलेला कर परत मिळाला होता. त्या आनंदात तो माझा पाय दुरुस्त करायला हत्यारं घेऊनच आला.

बाईंनी हात जोडले. "राहू द्या हो. ती सरळ झाली तर मी बोलू काय?"

बाई गेल्यावर भेटायला आलेल्या नातेवाइकांनी माझ्यावर उशा आणि चादरी रचल्या. मग खोलीला कुलूप लागलं. मी रडगाणं गाणार नाही; पण ज्या खुर्चीने इतक्यांचा भार सोसला, तिला चादरींचं ओझं जड वाटलं.

एके सकाळी कुलूप उघडलं. मुलीबरोबर जुनं फर्निचर घेणारा होता. त्याने मला हलवून पाहिलं.

"ताई, ही डुगडुगते. हिचं काही येणार नाही."

"ती द्यायची नाहीच."

"ठेवून काय करणार?"

"बसणार."

तो कपाट घेऊन गेला. मुलीने चादरी उचलल्या, ओल्या फडक्याने मला पुसलं. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या खुर्चीचा वेत वेळेवर विणून घ्या आणि तिच्यावर पसारा टाकू नका. कोण केव्हा मन घट्ट करून बसायला येईल, सांगता येत नाही. आणि कुणी मायेने बस म्हटलं, तर बसा.

ती बसली. आधी सगळ्यांसारखीच काठावर. मी डुगडुगले. तिला हसू फुटलं आणि ती मागे रेलली. मग तिने बॅगेतून एक लिफाफा काढला. आतल्या कागदावर पगार, रजा, भरपाई अशा ओळी होत्या. सहीची जागा अजून कोरी होती. टेबलापलीकडून वाचता येईल असा तिने तो फिरवून ठेवला.

"आई," समोरच्या रिकाम्या जागेला ती म्हणाली, "माझी नोकरी गेली. त्या दिवशीच गेली होती. मी तुला सांगायलाच आले होते गं."