बेकीरचा ढोल

"आधी सांग, लढाई आहे तरी कुणाशी?" मी बेकीरला विचारलं.

"मला काय ठाऊक, आत्या! बडव म्हणाले, बडवतोय."

रमजान चालू होता. पहाटे सहेरी खायला गावाला उठवणारा बेकीरचा ढोल भर दुपारी वाजला, तेव्हा बायांना वाटलं आग लागली. त्या घागरी घेऊनच धावल्या. बेकीर घसा फोडून ओरडत होता, "वीस ते पंचेचाळीस, सगळे पुरुष कचेरीत हजर!"

पुरुष गेले, मागोमाग बैल गेले, शेवटी आम्ही विणलेले मोजेसुद्धा गेले. रशिया आणि इंग्रजांशी युद्ध आहे, हे सुलतानाने आम्हाला पानगळीत कळवलं. केवढी ही मेहेरबानी! बेकीर तेवढा गावात राहिला. तो गेला तर सरकारची दवंडी कोण पिटणार?

हिवाळ्यात पूर्वेच्या आघाडीवर, सारीकामिशच्या बर्फात, आमच्या गावच्या मेर्येमचे दोन्ही मुलगे गोठून मेले. ती तडक बेकीरच्या उंबऱ्यावर जाऊन थुंकली. "मेल्या, तुझ्या हाताला किडे पडोत!" त्या दिवसापासून बेकीरची बायको हाजेर गावच्या भट्टीवर भाकरी भाजायला आली, की बाया आपापलं पीठ उचलून बाजूला होत. हाजेर म्हणे, "हुकूम सरकारचा, ढोल ह्यांचा. माझं काय चुकलं गं?"

मग वसंतात कुणकुण लागली की आता अठराची पोरं न्यायची. हाजेरच्या दुर्सूनला नुकतंच अठरावं सरलं होतं. तिची चार लेकरं गेल्यावर जगलेलं हे एकच. आमच्याकडे आज्या-पणज्यांपासून एक समज आहे: ढोल वाजत नाही तोवर हुकूम लागू होत नाही. हाजेरने कणीक कापायची सुरी घेतली आणि ढोलाची दोन्ही कातडी उभी फाडली. खरं सांगते, मलाही वाटलं, सुटला पोरगा.

पोरं न्यायला फौजेचा कप्तान आला. "कुणी फाडला?"

"उंदरांनी, साहेब," बेकीर म्हणाला.

"तुझ्याकडचे उंदीर सुरी चालवतात वाटतं!"

"मी फाडला!" हाजेर पुढे झाली. "मला न्या, काय करायचं ते करा!"

कप्तान चिडला नाही. "बाई, हुकूम मशिदीच्या मिनारावरूनही सांगता येतो. पण ढोलच नाही, तर ढोलवाल्याला सूट कसली? चल रे, तू आणि पोरगा, दोघंही."

हाजेरने नवऱ्याची बाही घट्ट धरली. "अहो, मी पोराला वाचवायला गेले..."

"वेडी आहेस. बरंच झालं. पोराजवळ कुणीतरी हवंच ना."

वेशीपर्यंत खरोखर बापलेक बरोबर चालले. तिथे शिपायांनी दोन रांगा केल्या. दुर्सूनला पश्चिमेला चनक्कलेच्या आघाडीच्या वाटेला लावलं, बेकीरला पूर्वेकडे. बेकीर वळून काहीतरी म्हणाला, पण त्या गलक्यात ते कुणालाच ऐकू आलं नाही.

संध्याकाळी हाजेर भट्टीवर आली नाही. मेर्येमने आपली गरम भाकरी पदरात गुंडाळली आणि ती हाजेरच्या घरी गेली. मीही मागोमाग गेले. हाजेर चुलीपाशी बसली होती.

"शिव्या द्या मला, मेर्येमबाई," ती म्हणाली. "आज तरी पोटभर द्या."

"आता कशाला देऊ?" मेर्येम तिच्या शेजारी बसली. तिने भाकरीचे दोन तुकडे केले, मोठा तिच्या हातात दिला आणि आपला चावू लागली.