कोंबडखताची माती

शेवंतीच्या परसातली तांबडी भाजी, म्हणजे लाल माठ, अख्ख्या सर्वण गावात गाजलेली होती. डिचोलीच्या बाजारात बायका तिच्या जुड्या आधी उचलायच्या आणि मग बाकीच्यांकडे बघायच्या. गुपित म्हणाल तर काहीच नव्हतं. कोंबडखत.

खाणी बंद पडल्या तेव्हा बाबाजी पात्रांवानं, म्हणजे बाबाजी मालकानं, आपले खनिजाचे ट्रक विकून डोंगराच्या उताराला पोल्ट्रीच्या दोन शेड घातल्या. शेवंतीचा नवरा शिवदास त्याच्याच ट्रकवर वीस वर्षं ड्रायव्हर होता. दोघं मूळची दोडामार्गाकडची. खाणीमागून आली आणि खाण गेली तरी राहिली. शिवदास घरी बसला, शेवंती शेडवर लागली. पिल्लांना दाणा द्यायचा, पाणी द्यायचं आणि पाण्यात पिवळी पावडर कालवायची. ती पावडर नेमकी कशावरची, हे खुद्द पात्रांवाला विचारलं असतं तर तोही डोकं खाजवत बसला असता. पिल्लू पेंगलं की पावडर, पाऊस लागून राहिला की पावडर, काही झालं नसेल तर होऊ नये म्हणून पावडर. कोंबड्यांची बॅच विकली गेली की विष्ठेनं माखलेला भुसा खरवडायचा आणि हवा त्यानं न्यायचा. शेवंतीनं तो एकटीच्या परसात कधी ओतला नाही. वाडीवरच्या सात-आठ घरांत तिनं स्वतःच्या डोक्यावरून पाट्या पोचवल्या. परक्या मुलखातून आलेल्या बाईला वाडीनं आपलं म्हटलं ते या खतामुळे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

गणपतीची चवथ पंधरा दिवसांवर आली असताना शिवदासला निरोप आला. खाण पुन्हा सुरू होतेय, चवथ झाली की जुन्या ड्रायव्हरांनी येऊन भेटा. घरात बसून बसून खांदे पडलेला माणूस त्या दिवशी ताठ चालायला लागला. त्या उत्साहातच त्यानं परस खणायला घेतलं आणि कुदळ उजव्या पायावर मारून घेतली, अंगठ्याच्या मुळाशी. रक्त थांबावं म्हणून त्यानं वाफ्यातली मूठभर माती वर दाबली. यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. त्याच्या बापानं हेच केलं होतं, आज्यानंही, आणि दोघेही धडधाकट पायांनी म्हातारे होऊन मेले.

याचा पाय मात्र तिसऱ्या दिवशी सुजला. आणि इथं शेवंतीनं जे केलं ते पोल्ट्रीत राबणाऱ्या बाईशिवाय दुसरं कुणी केलं नसतं. तिनं शेडमधली पिवळी पावडर आणून जखमेवर भुरभुरली, चिमूटभर त्याच्या पाण्यातही घातली.

"अगो, मी काय कोंबो?" शिवदास म्हणाला.

"पिल्लां बरी होतत मां? मग माणूस कित्याक नाय होवचो? पिया गप."

त्यात आठ दिवस गेले. मग डिचोलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, सुया झाल्या. पाय घोट्यापर्यंत काळानिळा पडला तेव्हा पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथं कळलं की शिवदासच्या रक्तात साखरही आहे. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय.

तिथली डॉक्टरीण तरुण होती, पण डोळ्यांखाली काळं झालेलं. तिच्या हातात एक कागद होता, त्यावर औषधांची यादी. शेवंतीला तिनं व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं आणि स्वतःही बसली. डॉक्टर बसून बोलायला लागला की काही खरं नसतं, एवढं शेवंतीला समजत होतं.

"यातलं एक सोडून बाकी सगळी औषधं जखमेतल्या जंतूंपुढे फुकट आहेत," डॉक्टरीण म्हणाली. "राहिलेलं एक आजपासून सुरू केलंय. तुम्ही काम काय करता?"

शेवंतीनं सांगितलं. काही लपवायचं तिच्या मनातच नव्हतं. पिशवीतून पावडरीचं पाकीटही काढून दिलं. डॉक्टरणीनं पाकिटावरचं नाव वाचलं, मग कागदावर बोट ठेवलं. फुकट ठरलेल्यांत पहिलंच नाव ते होतं.

"कोंबडीच्या पोटात हे सगळं जिरत नाही," ती म्हणाली. "उरलेलं विष्ठेतून मातीत जातं. तिथले जंतू ते रोज थोडं थोडं खातात. मरायचे ते मरतात. उरतात ते असे, की त्यांना काही होत नाही."

"रोज मार खावन खावन पोर कोडगा होता, तसा."

"तसंच. पण हे तुमच्या परसातूनच आलं असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. माती तपासावी लागेल, आमची माणसं येतील. तोवर ते खत अनवाणी पायानं तुडवू नका. जखमेवर माती नको. आणि ही पावडर तर..." तिनं पाकीट स्वतःच्या खिशात टाकलं. बिचारी रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर शेवंतीला बरं वाटलं असतं.

दोन दिवस त्या शेवटच्या औषधाची वाट बघितली. ताप उतरला, पण पावलाचा पुढचा भाग मेलेलाच राहिला. अर्धं पाऊल काढावं लागेल असं ठरलं. शिवदासनं डॉक्टरणीला एकच विचारलं, "बाय, ब्रेक दाबूक येतलो मगे?" डॉक्टरणीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

शेवंतीला आता काही पोटात ठेववेना. डॉक्टरणीकडून कळलेलं सगळं तिनं त्याला सांगून टाकलं, पावडरीचं, मातीचं, पाट्यांचं. शिवदास भिंतीकडे बघतच ऐकत होता.

"माती मी लायलंय, पावडर तू घातलंस," तो शेवटी म्हणाला. "आता वाटणी कसली करतंस? पड जरा. दोन दिस डोळो लागलो नाय तुझो."

शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी ती कपडे न्यायला घरी आली. डिचोलीला बस बदलून सर्वणच्या फाट्यावर उतरली तेव्हा तिच्या अंगात चालायचंही त्राण नव्हतं. आंघोळ करावी, खाटेवर पडावं आणि तासभर कुणी तोंड दाखवू नये, एवढीच तिची इच्छा होती.

परसात पाहते तर शेजारची यशोदा आणि आणखी तीन बायका पाट्या घेऊन उभ्या. शेडमधली बॅच गेली होती. शेवंती इस्पितळात, तिचं कोण करणार, म्हणून या चौघींनी सकाळपासून शेड खरवडून तिचे वाफे ताज्या खतानं भरून दिले होते. आपले भरायच्या आधी तिचे. यशोदानं हातातली भाजीची जुडी शिवदाससाठी पुढे केली.

"घोवाक घाल गो. रगत वाडत."

शेवंतीला रडूच आलं. या बायकांनी तिच्यासाठी एवढं केलं, आणि त्यांना आता काय सांगायचं? सांगितलं तर भाजी गेली, पात्रांवाकडचं काम गेलं, या वाडीत कमावलेलं नावही गेलं. न सांगता जुडी घ्यावी आणि दार लावून पडावं, हे किती सोपं होतं. ती खरंच इतकी थकली होती की तिनं जुडी घेतलीसुद्धा.

मग तिची नजर यशोदाच्या पायांकडे गेली. अनवाणी. पावसापाण्यात उकललेल्या टाचा, आणि एका भेगेत ओलं काळं खत घट्ट बसलेलं, कडेला थोडं रक्त.

"यशोदा, बस हंय," ती म्हणाली.

तिनं बादली आणली, साबण आणला. यशोदाचा पाय मांडीवर घेऊन ती भेग धुवायला लागली.

"अगो, सोड! पांय कित्याक धरता? हांव कोण देव?" यशोदा ओशाळून हसत होती.

"ह्याच मातयेन त्यांचो अर्धो पाय खाल्लो," शेवंती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. डॉक्टरणीनं सांगितलेलं सगळं तिनं तिथंच बसून सांगितलं, जसं समजलं होतं तसं, काही न वगळता. हात चालूच होते.

बायकांच्या पाट्या खाली आल्या. यशोदाचं हसू गेलं. तिनं पाय ओढून घेतला नाही, पण ती एवढंच म्हणाली, "पूण शेवंती, खत तर तूंच दिलें आमकां."

"होय. मीच दिलंय," शेवंती म्हणाली. तिनं यशोदाचा पाय पदरानं कोरडा केला, बादलीतलं पाणी बदललं आणि पुढच्या बाईला बसायला सांगितलं.